मासे मला ओळखायचे

विज्ञानात व्यक्तीला स्थान नाही; स्थान आहे ते फक्त सत्याला. या वाक्याखालून मी नोकरीभर ये-जा केली, कारण ते आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या दारावर ऑइलपेंटनं रंगवलेलं आहे. त्याच्या खाली ते रंगवून घेणाऱ्या तेव्हाच्या विभागप्रमुखांचं नाव आहे. नावाची अक्षरं वाक्याच्या अक्षरांपेक्षा बोटभर मोठी आहेत.

या अंकाच्या संपादकांनी निवृत्तीनंतरच्या समाधानावर लिहा म्हणून सांगितलं. मासे कसे वागतात हे बघत बसणं हा माझा पेशा होता. त्यातून मला जे मिळालं ते समाधान नव्हे, हे लेखाच्या सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कुणाची फसवणूक व्हायची नाही. माझ्या पोटात एका माणसाबद्दल जळायचं. तो माणूस सज्जन होता, त्यामुळे जास्तच जळायचं.

आधी काम काय ते सांगते. झेब्रा मासा नावाचा एक मासा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे-रुपेरी पट्टे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना तो आवडतो, कारण त्याला भूक लागते, भीती वाटते, तो शिकतो, विसरतो, भांडतो, आणि हे सगळं तो मोहरीपेक्षा जरा मोठ्या मेंदूत भागवतो. माणसाच्या मेंदूत शिरायचं तर परवानगी लागते. माशाला विचारत नाहीत.

या कामाचे दोन भाग असतात. एकानं मासा जिवंत असताना त्याचं वागणं बघायचं: धीट आहे की भित्रा, घोळक्यात राहतो की एकटा. दुसऱ्यानं त्याला लवंगेच्या तेलाच्या पाण्यात शांत करायचं, मग मेंदू काढायचा, त्याचे पातळ काप करायचे आणि कुठल्या पेशी कामाला लागल्या होत्या ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पहिला भाग माझा. दुसरा मी कधी केला नाही. आम्ही कुरुंदवाडचे जैन. घरात संध्याकाळचं जेवण उजेड असताना उरकायचं, पाणी गाळून प्यायचं. अशा घरातली मुलगी माशांवर काम करणार म्हटल्यावर आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, पहिला प्रश्न विचारला होता,

"मारतीस का काय त्यास्नी?"

"नाही अव्वा. नुसती बघते."

"नुसतं बघायला पगार देत्यात?"

"देतात."

"मग आमच्या नदीवर ह्ये एवढे बगळे बसल्यात, त्यांचं काय?"

अव्वापुढं कुणाचं चालत नाही, हा आमच्या घरातला जुना अनुभव आहे.

सुरुवातीचे मासे मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातून आणले. काचेच्या पेट्या, रंगीत खडे, तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या, असलं विकणारं दुकान. मी एकेक मासा न्याहाळून निवडायला लागले, तसा मालक वैतागला.

"बाई, मासा हाय त्यो. एमपीएससीला बसवायचाय का त्याला?"

"मला भित्रे आणि धीट दोन्ही पाहिजेत."

"भित्रा कुठला, धीट कुठला, मला काय म्हाईत? माझ्या दुकानात समदी घाबरूनच असत्यात. मी बी."

"तुम्ही कुणाला?"

त्यानं मागच्या पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हाय की. हिशेब तीच बघती."

गावात माझं नाव 'मासेवाल्या बाई' असं पडलं. त्यातून माणसं यायला लागली. एका तालमीतला पैलवान खांद्याएवढी काचेची पेटी उचलून विभागात घेऊन आला, कारण त्याचा सोनेरी मासा 'उदास' होता. पेटीत त्यानं मासा, पाणी आणि भिजवलेले बदाम ठेवले होते. बदाम काढून टाका म्हटल्यावर त्याला पटेना. कुठल्याही दुखण्यावर बदाम काढून टाकण्याचा सल्ला त्याला आजवर कुणी दिला नव्हता.

कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यांनी मला घरी बोलावलं. पेटीतले सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत उभे असायचे. मी पेटीच्या मागच्या भिंतीला हात लावला. पलीकडे माग चालू होते. भिंत तापलेल्या माणसासारखी कापत होती. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिनं त्यांना पाण्यातली हलकीशी थरथरही कळते. मी हे समजावून सांगितलं आणि पेटी दुसऱ्या भिंतीला सरकवा म्हटलं.

यजमान म्हणाले, "सरकवतो की. पर पावणं, आमी कुठं सरकायचं? आमची खाट बी ह्याच भिताडाला हाय."

मी चहा पिऊन परत आले.

आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढं उपयोगी पडेल. दोन नर मासे एका टाकीत सोडले की ते भांडतात. थोड्या वेळात निकाल लागतो. जिंकलेला टाकीभर फिरतो, त्याचे पट्टे गडद होतात. हरलेला तळाशी कोपऱ्यात राहतो आणि फिका पडतो. त्याला कुणी चावत नसलं तरी तो तिथंच राहतो. विद्यार्थी विचारायचे, "मॅडम, याला आता काय वाटत असेल?" मी सांगायची, "माशाला काय वाटतं हे आपल्याला माहीत नाही. तो काय करतो एवढंच लिहा." विभागाच्या बैठकीत डॉ. सरनाईक आल्यापासून मी कुठल्या खुर्चीवर बसत असे, हे मी इथं लिहीत नाही.

डॉ. सरनाईक हेच ते सज्जन. मूळचे कोल्हापूरचेच, माझ्यापेक्षा बरेच लहान, परदेशात मेंदूचं काम शिकून परत आलेले. मला पहिल्याच दिवशी वाकून नमस्कार केला. मला तेव्हाच धोका कळायला हवा होता. ते आपल्या डब्यातलं सगळ्यांना वाढायचे, पांडबाच्या मुलीच्या लग्नात पंक्तीत वाढायला उभे राहिले. पांडबा म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले परिचर. टाक्या धुणं आणि जाळीनं मासे इकडचे तिकडे करणं हे त्यांचं काम. पांडबा सरनाईकांना 'सायेब' म्हणायचे. मला इतकी वर्षं 'ओ बाई'.

आमची जोडी अशी जमली: मी मासे बघून धीट कुठले आणि भित्रे कुठले हे ठरवायचं, आणि सरनाईकांनी त्यांच्या मेंदूत काय फरक आहे ते शोधायचं. धीटपणाची चाचणी सोपी असते. मासा एकट्यानं नव्या टाकीत सोडला की तो घाबरून तळाला जातो. काही मासे तिथंच बसून राहतात, काही लवकर वर येऊन हिंडायला लागतात. लवकर वर येतो तो धीट. मी टाकीसमोर स्टूल टाकून बसायची, हलायची नाही. मांडीवर खाद्याची बरणी. ती घरून आणलेली लोणच्याची जुनी बरणी होती. चाचणी संपली की मासा धीट निघो की भित्रा, त्याला चिमूटभर खायला घालायचं, हा माझा नियम होता. एका जिवाला उगाच घाबरवलं, त्याची तेवढी तरी भरपाई. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत असा नियम नसेल. तो कुरुंदवाडचा होता.

सरनाईकांनी माझ्या भित्र्या माशांच्या मेंदूचे काप केले, तर त्यात एका ठरावीक जागी हिरवा ठिपका लखलखताना दिसला. धीट माशांत तो मंद होता. ते चित्र खरंच सुंदर होतं. काळ्याभोर पाण्यात कुणी एक दिवा सोडावा तसं. मी पाहिलं, छान आहे म्हटलं आणि घरी जाऊन कुकरच्या तीन शिट्ट्यांऐवजी सात होऊ दिल्या.

कारण मला दिसलं होतं की आता काय होणार. माझं काम दिसत नाही. एक बाई स्टुलावर बसून माशाकडे बघते, याचा फोटो कोण छापणार? हिरवा ठिपका छापता येतो. 'भीतीचं मूळ सापडलं, कोल्हापूरच्या शास्त्रज्ञाचा शोध' असे मथळे आले. एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आम्हा दोघांचा फोटो घेऊन गेला. छापून आला तेव्हा त्यात सरनाईक पूर्ण होते आणि कडेला माझं कोपर होतं. कोपराखाली बरणीचं केशरी झाकणही स्पष्ट आलं होतं. सरनाईकांनी संपादकांना फोन करून तक्रार केली. मी केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी केली, त्यामुळे तेही गेलं.

मग सत्कार सुरू झाले. कोल्हापुरात सत्काराला कारण लागतं, पण फार मोठं लागत नाही. सरनाईकांना तालीम मंडळांनी, पतसंस्थांनी, एका दूध संघानंही फेटे बांधले. त्यांच्या खोलीतल्या कपाटावर फेट्यांची चळत झाली. प्रत्येक भाषणात ते म्हणायचे, "हे सगळं मगदूम मॅडमच्या निरीक्षणामुळं." टाळ्या व्हायच्या. त्या टाळ्या त्यांच्या मोठेपणाला असायच्या.

माझ्याजवळ एकच गोष्ट होती जी सरनाईकांकडे नव्हती. मासे मला ओळखायचे.

हे मला अव्वामुळे सुचलं. मी कुरुंदवाडला गेले की ती विचारायची, "एवढी वर्सं त्यांच्या तोंडाकडं बघतीस, त्यास्नी तरी तू वळकू येतीस का?" मी परत येऊन लक्ष दिलं. मी माशांच्या खोलीत शिरले की मोठ्या टाकीतले सगळे मासे माझ्या बाजूच्या काचेला येऊन उभे राहायचे. पांडबा आले की मागं पळायचे. सरनाईक आले की तळ गाठायचे. मी पांडबांना आणि सरनाईकांना मुद्दाम आळीपाळीनं टाकीसमोर उभं केलं, मग मी उभी राहिले. दर वेळी तेच. काही जातींचे मासे माणसांचे चेहरे वेगळे ओळखतात, हे शास्त्राला माहीत आहे. त्यामुळे मी काही देवीचा साक्षात्कार झाल्यासारखं बोलत नव्हते.

खरं सांगायचं तर मी रोज सकाळी त्या काचेसमोर गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहायची. पट्ट्यापट्ट्यांची ती सगळी लहान तोंडं माझ्याकडे वळलेली. त्या खोलीत सरनाईकांना कुणी विचारत नव्हतं.

माझ्या निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना नवं केंद्र मंजूर झालं. 'मेंदू व वर्तन संशोधन केंद्र' असा फलक ठरला होता; पाटीवर जागा उरली म्हणून विभागप्रमुखांनी त्यात 'जाणीव' घातली. टाक्यांसमोर कॅमेरे बसणार होते. कॅमेरा रजा घेत नाही, शिंकत नाही, त्याला पेन्शन नाही. विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं की यापुढं स्टुलाची गरज भासणार नाही.

मी म्हटलं, "सर, मासे माणूस ओळखतात. मला ओळखतात. मी समोर असते तेव्हाच ते मोकळे वागतात. कॅमेऱ्यासमोर तुम्हाला ते दिसणार नाही."

ते म्हणाले, "असं करू. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे येतायत, त्यांच्यासमोर दाखवा. पाहुण्यांनाबी काहीतरी बघायला मिळंल. खरं निघालं, तर तुम्हाला मानद निरीक्षक म्हणून ठेवू. माशांच्या खोलीची एक चावी तुमच्याजवळ राहील, वाटंल तेव्हा येऊन बसा."

सरनाईक तिथंच होते. ते म्हणाले, "सर, माझ्या प्रात्यक्षिकाच्या आधी मॅडमचं ठेवा."

मला ती चावी पाहिजे होती. निवृत्तीनंतर बायका काय करतात ते मी माझ्या बहिणींच्या घरी पाहिलेलं आहे. पण चावीपेक्षाही मला हे पाहिजे होतं की भरल्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, कुणीतरी सरनाईकांना सोडून माझ्याकडे यावं. मग तो मासा का असेना.

उद्घाटनाच्या दिवशी विभागात हळदीकुंकवापासून ड्रोनपर्यंत सगळं होतं. प्रमुख पाहुणे राजकारणातले होते. आमच्याकडे पाहुण्यांना फेटा बांधल्याशिवाय कार्यक्रमाला सुरुवात झाली असं धरत नाहीत. फेटे बांधणारा एक कारागीर कोपऱ्यात उभा होता आणि समोर येणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्याला झपाझप गुंडाळत होता. पाहुणे, विभागप्रमुख, सरनाईक, सगळ्यांना एकाच ताग्यातले केशरी फेटे. एक उरला तो पांडबांना बांधला. बायकांना शाल. माझी मोरपंखी.

मी बरणी घेऊन खोलीकडे निघाले, तर स्वागत समितीतल्या एका प्राध्यापिका मध्ये आल्या.

"मॅडम, ही लोणच्याची बरणी फोटोत बरी दिसणार नाही हो. ठेवा ना इथंच."

"खाद्य आहे त्यात."

"आज एक दिवस उपास करू देत त्यांना."

वाद नको म्हणून मी बरणी तिथंच एका कपाटामागं ठेवली. मला बरणीची गरज नव्हती. मासे मला ओळखत होते.

खोलीत गर्दी झाली. विभागप्रमुखांनी प्रास्ताविक केलं, त्यात एकदा जाणीव हा शब्द आला आणि पाहुण्यांनी मान डोलावली. मग मी पुढं झाले. म्हटलं, मासा हा बिनडोक प्राणी आहे असं आपण समजतो. पण हे मासे रोजच्या सहवासातला माणूस ओळखतात. अनोळखी माणसापासून दूर राहतात. मी आता टाकीजवळ जाते, ते काय करतात ते बघा.

मी टाकीजवळ गेले. मासे टाकीच्या मधोमध होते. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. पुढच्या क्षणी सगळाच्या सगळा घोळका माझ्यासमोरून सरळ निघून गेला आणि उजव्या काचेला जाऊन चिकटला. उजव्या काचेशी प्रमुख पाहुणे उभे होते.

पाहुणे वाकले. मासे पाण्याच्या वरच्या थराला आले आणि तोंडं उघडझाप करायला लागले. पाहुणे डावीकडे सरकले, मासे डावीकडे. पाहुणे उजवीकडे, मासे उजवीकडे.

"आयला!" पाहुणे मनापासून हसले. "बाई, ही तर आमच्या मतदारसंघातली दिसत्यात!"

खोलीभर हशा. मी टाकीच्या आणखी जवळ गेले. काचेला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं. एक मासा माझ्या बाजूला आला, थांबला आणि परत गेला.

सरनाईकांना माझी दया आली असावी. काहीतरी करून मासे माझ्याकडे वळवावेत म्हणून ते टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि काचेवर बोट फिरवायला लागले. घोळका दुभंगला. निम्मे मासे पाहुण्यांकडे, निम्मे सरनाईकांकडे. ज्यांना बघून ते आजवर तळ गाठत होते त्या सरनाईकांकडे. मधे मी, मोरपंखी शालीत, आणि माझ्यासमोर नुसतं पाणी.

एवढ्यात मागून पांडबा काय चाललंय ते बघायला पुढं आले. दोन्हीकडचे काही मासे त्यांच्याकडे धावले.

"ओ बाई!" पांडबांचा चेहरा उजळला होता. "बघा की ओ! मला बी वळकाय लागली! इतकी वर्सं जाळी मारली, पर राग न्हाय बघा त्यांच्या मनात!"

मी आयुष्यात पुष्कळ लोकांवर जळले आहे, पण पांडबांवर जळण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

सरनाईक आता माशांकडे बघत नव्हते. ते पाहुण्यांच्या डोक्याकडे बघत होते. मग पांडबांच्या. मग त्यांनी हात वर करून स्वतःचा फेटा चाचपला. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,

"मॅडम, तुमच्या बरणीचं झाकण कुठल्या रंगाचं आहे?"

"केशरी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मी त्यांना त्याबद्दलही क्षमा केलेली नाही.

आता वाचकांना कळलंच असेल. मी टाक्यांसमोर गेले ती कायम बरणी घेऊन. पांडबांना आणि सरनाईकांना आळीपाळीनं उभं करून मी स्वतः उभी राहिले, तेव्हाही ती माझ्या काखेत होती. खायला घालताना झाकण ताटलीसारखं हातात धरून त्यातून चिमूट घ्यायची माझी सवय. माशांना रंग चांगले दिसतात. वर्षानुवर्षं, एकामागून एक आलेल्या माशांच्या पिढ्यांना एवढंच शिकायला मिळालं होतं की केशरी गोल दिसला की पोट भरतं. त्या गोलामागं एक बाई असते, याची त्यांना माहिती असण्याचं कारण नव्हतं. समोरच्या विद्यार्थ्यानं असला प्रयोग लिहून आणला असता, तर 'बरणीशिवाय करून बघितलंत का?' असं विचारून मी त्याला परत पाठवलं असतं.

चावीचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर उभी असताना मात्र माझ्या डोक्यात दुसरं गणित सुटलं आणि मला जरा बरं वाटलं. धीटपणाच्या चाचणीत बरणी माझ्या मांडीवर असायची. म्हणजे वर लवकर येणारे मासे धीट नव्हतेच. त्यांना झाकण दिसत होतं. आणि ज्यांना मी भित्रे म्हटलं, ते झाकणाचा धडा अजून न शिकलेले मासे. मग सरनाईकांचा हिरवा ठिपका? भीतीचं मूळ? ते सगळे फेटे? माझी निरीक्षणं पाण्यात गेली तर त्यांचा शोधही माझ्याबरोबर बुडणार होता. बस आली तेव्हा मी हसत होते, असं नंतर एका विद्यार्थिनीनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः सरनाईकांच्या खोलीत जाऊन त्यांना हे सांगितलं. कर्तव्य म्हणून सांगितलं, असं मी तेव्हा समजत होते. ते ऐकून घेत राहिले. मग उठले, फळ्याजवळ गेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून माझं हसणं संपलं.

"मॅडम," ते म्हणाले, "म्हणजे आपल्याला नुसती भीती नाही, शिकणंही सापडलं. शिकलेला मासा घाबरत नाही. भीती आणि शिकणं एकाच ठिपक्यात भेटतायत. हे तर जास्त चांगलं आहे!"

"पण आधीचा लेख चुकला की."

"चुकला. तसं छापून टाकू. आपण दोघं मिळून."

त्यांनी खरोखर तसं छापलं. स्वतःची चूक जाहीर केली, याबद्दल त्यांचं आणखी कौतुक झालं. मग केशरी झाकण, निळं झाकण, झाकण नाही, असे नवे प्रयोग झाले, कॅमेऱ्यासमोर झाले आणि नवा लेख पहिल्यापेक्षा मोठ्या ठिकाणी आला. दुसऱ्या लेखात माझं नाव घालायचा त्यांचा आग्रह होता. ते प्रयोग मी केलेले नव्हते, म्हणून मी नको म्हटलं. त्यांनी दोनदाच विचारलं. तिसऱ्यांदा विचारतील असं मला वाटलं होतं.

निवृत्त झाल्यावर कुरुंदवाडला गेले. अव्वा अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिचे डोळे आता अधू झालेत, पण प्रश्न नाहीत.

"मग? वळकत्यात का न्हाय तुला?"

"नाही अव्वा. माझ्या हातातलं झाकण ओळखतात."

"मग त्यात काय झालं? आमची म्हस बी बादलीच वळकती."

"तुला वाईट नाही वाटत?"

"बादलीचं?" तिनं हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "त्यो साळंतला पोरगा कसा हाय? ठिपकेवाला?"

अव्वाच्या लेखी कॉलेजही शाळाच. "चांगला आहे," मी म्हटलं.

"तुझा कायम चांगलाच आस्तो गं त्यो," अव्वा म्हणाली. "दाणं खा. तोंड कडू झालंय तुझं."

गेल्या महिन्यात विभागात निरोप-समारंभाचे राहिलेले फोटो आणायला गेले होते. दारावरचं वाक्य अजून तिथं आहे. विज्ञानात व्यक्तीला स्थान नाही, हे माझ्यापुरतं सिद्ध झालेलं असल्यामुळे मी ते या वेळी थांबून, आदरानं वाचलं. माशांच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं. माझं स्टूल हलवलंय. त्याच जागी एका दांडीला केशरी झाकण अडकवलं आहे आणि त्याच्यासमोर काचेला सगळे मासे जमलेले होते. मी खिडकीशी होते, पण कुणी वळलं नाही.

सरनाईकांनी नव्या लेखाची छापील प्रत दिली, सही करून. त्यात प्रयोगाच्या साहित्यामध्ये झाकणाचा रंग, आकार आणि ते कुठल्या कारखान्यात बनलं त्याचं नाव दिलेलं आहे. माझा उल्लेख शेवटी, आभारांमध्ये, 'एक निरीक्षक' असा आहे. तो माझ्याच सांगण्यावरून. झाकण त्यांना पुढच्या प्रयोगांसाठी लागणार आहे, म्हणून ते तिथंच राहिलं. बरणी कपाटामागं धूळ खात होती, ती मी घरी आणली, घासून उन्हात वाळवली.

झाकण नसल्यामुळे तिच्यात लोणचं ठेवता येत नाही.